आवाज आवरणारा हात

विद्युत गिटार घरात आली की घरात दोन तट पडतात. तरुणांना त्या वाद्यात मोकळेपणा दिसतो, वडीलधाऱ्यांना उच्छृंखलपणा. साधी लाकडी गिटार आपल्या मंदिरांतून आता परकी राहिलेली नाही. नाताळच्या गीतांना आणि युवक शिबिरांना ती सवयीची झाली आहे. तिचीच ही वायर लावलेली बहीण दारात उभी राहिली, की मात्र कपाळाला आठ्या पडतात.

सोलापुरातील आमच्या धर्मग्रामातही असेच घडले. गायकवृंदातील तीन मुलांनी पैसे साठवून एक वापरलेली विद्युत गिटार व लहानसा अ‍ॅम्प्लिफायर आणला आणि मंदिरामागील सभागृहात सरावाची परवानगी मागितली. भक्तिगीते वाजविण्याचा त्यांचा मनोदय नव्हता. त्यांना शिकायची होती डीप पर्पल, ब्लॅक सबाथ आणि एसी/डीसी यांची गाणी. म्हणजे १९७० च्या सुमारास ज्या संगीताने जोर धरला आणि ज्याला हार्ड रॉक म्हणतात, ते. फादरांनी निर्णय गायकवृंदातील आम्हां चार प्रौढांवर सोपविला. आमची आयुष्ये पेटी आणि तबल्याच्या संगतीत गेलेली. न ऐकता नकार देणे बरे नव्हे, आणि न समजता होकार देणेही बरे नव्हे. तेव्हा आपणही मुलांबरोबर शिकायला बसावे असे आम्ही ठरविले. त्याला आता दोन वर्षे झाली. दर शनिवारी सायंकाळी आम्ही सात जण त्या सभागृहात बसतो, आणि गुरूच्या जागी बहुधा मुलेच असतात.

प्रथम वाद्याची ओळख करून घ्यावी लागली. सहा तारा, जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यांचे स्वर मी, ला, रे, सोल, सी, मी. इथवर लाकडी गिटारीसारखेच. परंतु या गिटारीला पोकळ पोट नाही. तारांखाली लोहचुंबक व त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो प्रवाह अ‍ॅम्प्लिफायर मोठा करतो. प्रमाणाबाहेर मोठा केला, की आवाजाच्या लहरीचे माथे छाटले जातात आणि स्वराला खरखरीत, दाट पोत येतो. या संगीताचा सारा बाज त्या खरखरीवर उभा आहे. ‘हे मिरवणुकीतल्या बेंजोसारखेच की!’ असे एक मावशी ऐकून म्हणाल्या. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आपल्याकडचा बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग, त्यालाही असेच विजेचे बळ दिलेले असते.

अशा दाट आवाजात अनेक स्वर एकत्र वाजविले तर सगळे गढूळ होते. म्हणून या संगीतात बहुतेक ठिकाणी दोनच स्वरांची जोडी घेतात, षड्ज आणि पंचम. पेटीवर बसलेल्या माणसाला हे ऐकून आपल्या घरी आल्यासारखे वाटते. डीप पर्पलचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे १९७२ च्या ‘मशीन हेड’ या ध्वनिमुद्रिकेतील गाणे आम्ही सर्वांत आधी शिकलो, कारण जगभर नवशिके तेच आधी शिकतात. त्याच्या आरंभीचा गिटारीचा मुखडा तीन, चार आणि पाच अशा गटांतील बारा आघातांचा आहे. त्याला चार स्वर पुरतात: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. प्रत्येक आघाताला खाली एक साथीचा स्वर असतो. पहिल्या जोडीत खाली पंचम व वर षड्ज येतो, म्हणजे तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारांचाच क्रम. मग ती जोडी तशीच वरखाली सरकते. मूळ वादक रिची ब्लॅकमोर हा मुखडा नखीने न छेडता बोटांनी उचलतो. नखीने दोन तारा एकीमागून एक वाजतात, बोटांनी एकाच क्षणी. ऐकणाऱ्याला हा फरक सांगता येत नाही, पण जाणवतो.

त्या गाण्यामागे एक खरी घटना आहे. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो या गावी फ्रँक झप्पा यांच्या मैफलीत कोणा प्रेक्षकाने ज्वालापिस्तूल छताकडे झाडले आणि सरोवराकाठचे ते मोठे सभागृह जळून गेले. डीप पर्पल त्याच जागी ध्वनिमुद्रण करणार होते. सरोवरावर पसरलेला धूर त्यांनी पाहिला, दुसरी जागा शोधली आणि पाहिले ते साध्या शब्दांत गाण्यात सांगितले. पवाड्यात घडल्या गोष्टीचे जसे वर्णन असते, तसेच हे आहे. ते गाणे कशाबद्दल आहे असे आमच्यापैकी एकीच्या यजमानांनी साशंकपणे विचारले होते. आगीबद्दल आहे आणि त्यात कोणाला वाईट वळण लागेल असे काही नाही, हे ऐकून ते चकित झाले.

परंतु शिकताना आम्हांला खरे नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. लाकडी गिटारीवर चुकून लागलेले बोट कोणाला ऐकू येत नाही. येथे प्रत्येक स्पर्श मोठा होऊन बाहेर पडतो. बोट सरकल्याचा चरचराट ऐकू येतो, न छेडलेली तार शेजारणीच्या कंपनाने स्वतःच गुणगुणू लागते, आणि हात उचलला तर वाद्य शिट्टी घालते. म्हणून उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून ठेवावी लागते आणि डाव्या हाताची रिकामी बोटे इतर तारांवर हलकेच पडू द्यावी लागतात. पहिले तीन महिने आम्ही वाजविण्यापेक्षा थांबविणेच अधिक शिकलो. एसी/डीसीचे ‘बॅक इन ब्लॅक’ घेतले तेव्हा हे पुरते कळले. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला. त्याच वर्षी जुलैमध्ये निघालेल्या या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन शोकाचे चिन्ह म्हणून काळे ठेवले आहे. तिच्या शीर्षकगीताच्या मुखड्यात आघातांइतकेच महत्त्व आघातांमधील रिकाम्या जागांना आहे. त्या जागेत एखादी तार जरी गुणगुणत राहिली, तरी गाणे कोसळते. बाहेरून ज्याला आपण गोंगाट म्हणतो, ते आतून मौनाच्या शिस्तीवर उभे आहे. आपल्या उपासनेतही योग्य वेळी पवित्र मौन पाळावे असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेच्या उपासनाविषयक संविधानात सांगितले आहे. ते आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो; मौन हे हातांनी घडवायचे असते, हे मात्र त्या सभागृहात शिकलो.

ब्लॅक सबाथचे नाव काढताच घराघरांत अधिक खळबळ झाली, आणि ती समजण्यासारखी होती. त्यांचे नाव एका जुन्या भयपटावरून घेतलेले. पण त्यांची चौकशी केली तेव्हा जे कळले, ते सोलापूरकरांना आपले वाटावे असे होते. हे चौघे इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतले. त्यांची गीते प्रामुख्याने लिहिणारा गीझर बटलर आयरिश कॅथलिक कुटुंबात वाढला. १९७१ सालच्या त्यांच्या ‘आफ्टर फॉरएव्हर’ या गीतात तर देवाला हसण्यावारी नेणाऱ्यांनाच उलट प्रश्न विचारलेला आहे. गिटार वाजविणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, कामाच्या अगदी अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातील मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकविली. जँगोची दोन बोटे १९२८ साली आगीत निकामी झाली होती आणि तरीही तो उरलेल्या बोटांनी अजोड वाजवीत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटविले, बारीक तारा चढविल्या आणि पुढे त्या ढिल्या करून खालच्या स्वरात लावल्या. त्याचा तो जड, खर्जातला आवाज पुढे या संगीताच्या एका संपूर्ण शाखेचा पाया झाला.

हे आम्ही वाचून दाखविले तेव्हा आमच्यातील एक काका गप्प झाले. उमेदीच्या वर्षांत ते यंत्रमागावर होते. तेथील अपघातात त्यांच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी आखडली, ती कायमची. मंदिरात ते खर्जात गातात. वाद्याला मात्र त्यांनी पुन्हा कधी हात लावला नव्हता. आमच्याबरोबर ते बसत, ते केवळ ऐकायला. पुढच्या शनिवारी मुलांतील धाकट्याने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, ‘‘काका, सहावी तार एक स्वर उतरवली आहे. आता खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं टाका. जोडी आपोआप लागते.’’ खरोखरच तशी युक्ती आहे. तार उतरविली की षड्ज आणि पंचम एकाच पडद्यावर येतात. काकांनी तर्जनी आडवी टाकली आणि उजव्या हाताने आघात केला. सभागृहाच्या खिडक्यांची तावदाने थरारली. त्या दिवशी दिवे मालवून कुलूप लावायला ते मागे राहिले आणि किल्ली आम्हांला फार उशिरा मिळाली.

आता प्रश्न उरतो तो मंदिराचा. ४ डिसेंबर १९६३ च्या त्याच संविधानात ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे. पवित्र उपयोगास योग्य, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभणारी आणि भाविकांची उन्नती करणारी इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारता येतील, असे म्हटले आहे. १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनापत्रकात मात्र, सर्वसाधारण समजानुसार व वापरानुसार जी वाद्ये केवळ ऐहिक संगीतालाच साजेशी आहेत ती उपासनेत आणू नयेत, असेही स्पष्ट सांगितले आहे. समज आणि वापर काळाबरोबर बदलतात, हे आपल्या पेटीच्या इतिहासात दिसते. युरोपातून आलेल्या या वाद्यावर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आज पेटीवाचून मराठी मिस्सेची कल्पनाही आम्हांला करवत नाही. तरीही घाई करू नये असे आमचे मत पडले. वेदी वेदीच्या ठिकाणी असावी आणि सभागृह सभागृहाच्या ठिकाणी. विद्युत गिटार आम्ही मिस्सेत नेली नाही, आणि मुलांनीही ते मागितले नाही.

सभागृहासाठी आम्ही सर्वांनी मिळून तीन नियम केले. कोणतेही गाणे घेण्यापूर्वी त्याचे शब्द सर्वांनी बसून वाचायचे आणि अर्थ बोलायचा. त्या कसोटीवर दोन गाणी मुलांनी आपणहून वगळली. रात्री आठनंतर अ‍ॅम्प्लिफायर बंद. आणि परीक्षांच्या दिवसांत शेजारच्या घरांना विचारून मगच सराव. वाद्य मोठे असले तरी शेजाऱ्याचा कान त्याहून मोठा मानावा, एवढेच त्यामागचे सूत्र.

हे सारे आपल्या परंपरेला सोडून आहे असेही आम्हांला वाटत नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. त्याच भूमीतून आलेल्या अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी मुंबईत हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद घडविले. त्या संगीतातील सगळीच गाणी काही देवाची नव्हती. पण हाताला मिळालेली शिस्त मंदिराच्या अंगणात मिळाली होती.

एका आईने आम्हांला सरळ विचारले, ‘‘हे शिकून माझा मुलगा मिस्सेला येईल का?’’ तिला खोटे आश्वासन देणे आम्हांला योग्य वाटले नाही. विश्वास ही कृपा आहे, ती सहा तारांवर मिळत नाही. तिघांपैकी दोघे आता रविवारी लवकर येतात, ध्वनिक्षेपकाच्या तारा जोडतात आणि स्तोत्रगायनाच्या वेळी आवाजाची पातळी सांभाळतात. कोणता आवाज कधी आवरायचा हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. तिसरा रविवारी क्वचितच दिसतो. पण शनिवारी तो न चुकता येतो, काकांची सहावी तार एक स्वर उतरवून ठेवतो आणि आमच्यात बसतो. दार उघडे असल्यामुळे तो निदान तिथवर येतो. उरलेल्या पन्नास पावलांसाठी आम्ही प्रार्थना करतो.