यादी दिसली पाहिजे

लास वेगस, २६ जून

प्रिय दादा,

काल रात्री सुखरूप पोहोचले. विमानतळाबाहेर आले तेव्हा दहा वाजून गेले होते, तरी अंगाला झळा लागत होत्या. ७ जुलै २०२४ ला इथे पारा ४८.९ अंशांवर गेला होता. या शहरातला तो उच्चांक. असल्या उन्हाळ्यात तिथे कशाला जातेस, असं वहिनी विचारत होती. तिला सांग, पोकरची जागतिक स्पर्धा याच दिवसांत भरते.

बेनी बिनियन नावाच्या कॅसिनोमालकाने १९७० मध्ये जुन्या शहरातल्या आपल्या 'हॉर्सशू'मध्ये ती सुरू केली. पहिल्या वर्षी मोजके नावाजलेले खेळाडू जमले आणि विजेताही त्यांनी आपसांत मत देऊन ठरवला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा टेनेसीचा एक हिशेबनीस इंटरनेटवरची छोटी स्पर्धा जिंकून इथे आला आणि त्याने मुख्य स्पर्धा मारली. त्या वर्षी ८३९ जण खेळले होते, पुढच्या वर्षी २,५७६. २०२४ मध्ये हा आकडा १०,११२ वर गेला, आणि प्रवेश फी आहे दहा हजार डॉलर. ती भरण्याची ऐपत नसलेले माझ्यासारखे कितीतरी लोक साध्या टेबलांवर बसायला येतात. म्हणून या दिवसांत गावातली प्रत्येक पोकर रूम भरलेली असते.

पोकरमध्ये कॅसिनो आपल्याविरुद्ध खेळत नाही, हे तुला एकदा नीट सांगायचं होतं. रूलेटमध्ये, ब्लॅकजॅकमध्ये समोर कॅसिनो असतो. इथे आठ-नऊ खेळाडू एकमेकांशी खेळतात. कॅसिनो टेबल, पत्ते आणि पत्ते वाटणारा डीलर देतो आणि डावात जमलेल्या रकमेतून आपला वाटा काढून घेतो. बहुतेक ठिकाणी तो दहा टक्के असतो, ठरावीक डॉलरांच्या मर्यादेपर्यंत. त्याला रेक म्हणतात. म्हणजे आपण कॅसिनोला पैसे देतो ते व्यवस्थेचे: पत्ते नीट पिसले जावेत, वाद उठला तर नि:पक्ष निवाडा व्हावा आणि आपली पाळी आली की आपल्याला खुर्ची मिळावी.

उद्या खेळायला जाईन. तब्येतीला जप.

तुझी
धाकटी

लास वेगस, २८ जून

प्रिय दादा,

काल ज्या पोकर रूममध्ये गेले तिचं नाव लिहीत नाही. मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलातली आहे. जे पाहिलं त्याने मन अजून शांत झालेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दाराशी एक काउंटर आणि त्यामागे एकटा माणूस. नावं घ्यायची त्यानेच, फोन उचलायचे त्यानेच, चिप्स द्यायच्या त्यानेच. टेबलावर तंटा झाला की निवाड्यालाही तोच धावायचा. मी एक-तीनच्या टेबलासाठी नाव दिलं. एक आणि तीन डॉलर म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, इथला सगळ्यात छोटा खेळ. "अर्ध्या तासात होईल," तो म्हणाला. भिंतीवरच्या पडद्यावर यादी होती. माझ्या वर अकरा नावं होती.

अर्धा तास गेला, तास गेला. पडद्यावरची यादी हलली ती उलटीच, माझ्या वर आता तेरा नावं होती. विचारलं तर कळलं की काही लोक घरून फोन करून नाव लावतात. ही सोय इथे सगळीकडे आहे आणि तिला माझी हरकत नाही. पण त्यांनी किती वेळात हजर व्हायचं, उशीर झाला तर नाव काढायचं की खाली टाकायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला विचारावं तर तो प्रत्येकाला निराळं सांगत होता. एक गृहस्थ आले, त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि सरळ जाऊन बसले. त्यांचं नाव पडद्यावर कधीच नव्हतं.

समोरच्या टेबलावर चार खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्यापुढे चिप्स रचलेल्या होत्या आणि माणसं जेवायला गेली होती. अशा गैरहजेरीला मर्यादा असते. ठरावीक वेळ उलटली की चिप्स उचलून सुरक्षित ठेवायच्या आणि जागा पुढच्याला द्यायची. पण ते घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. टेबलावरचे पाच जण कंटाळून डाव खेळत होते आणि बाहेर आम्ही डझनभर लोक ताटकळत उभे होतो. बसायला एक बाकडंही नव्हतं.

माझ्या शेजारी काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ओहायोहून आले होते. त्यांनी आपला नंबर विचारला तर उत्तर मिळालं, "तुमचं नाव मघाशी पुकारलं, तुम्ही आला नाहीत. आता यादीच्या शेवटी." ते जागचे हलले नव्हते. पुकारा माइकवरून झालाच नव्हता. त्या गोंगाटात दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. मी पुढे होऊन सांगितलं की हे सगळा वेळ इथेच उभे आहेत. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, फोन उचलला. म्हातारबुवा "असू दे" म्हणाले आणि निघून गेले. इतक्या लांबून ते दोन डाव खेळायला आले होते, दादा. मला फार वाईट वाटलं.

आई आषाढीला दर्शनबारीत उभी राहायची ते आठव. रात्र जायची, दिवस जायचा, पाय सुजायचे, पण तिने कधी तक्रार केली नाही. देवावरची श्रद्धा तर होतीच. पण पुढे कोण आणि मागे कोण हे तिला दिसत होतं, आणि रांग इंचभर का होईना पुढे सरकत होती. वाट पाहण्याचा त्रास माणूस सोसतो. आपल्या डोळ्यांदेखत कोणी पाळी मोडली की मात्र सोसवत नाही.

तुझी
धाकटी

बोल्डर सिटी, ३० जून

प्रिय दादा,

आज हूव्हर धरण पाहिलं. नेवाडाने जुगाराला कायद्याने परवानगी दिली ती १९३१ मध्ये, आणि धरणाचं कामही त्याच वर्षी सुरू झालं. कामगारांसाठी सरकारने हे बोल्डर सिटी वसवलं आणि इथे जुगाराला बंदी घातली. ती आजही आहे. त्यामुळे या गावात चहाच्या दुकानात निवांत बसून पत्र लिहिता येतं.

परवाचा राग थोडा निवला, कारण काल एका डीलरबाईंशी बोलले. त्या दुसऱ्याच ठिकाणी काम करतात. डीलर साधारण अर्ध्या तासाने टेबल बदलतात. मूळ पगार बेताचा, घर चालतं ते खेळाडूंच्या टिपवर. माणसं कमी असली की यादीत पुरेशी नावं असूनही नवं टेबल उघडता येत नाही. आणि शिव्या खातो काउंटरवरचा माणूस.

मग माणसं कमी का? हिशेब करून पाहा. एका टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. प्रत्येक डावातून चार-पाच डॉलर निघाले तर तासाला सव्वाशे-दीडशे. त्यात डीलर, देखरेखीचा माणूस आणि जागा हे सगळं भागवायचं. स्लॉट मशीनला यातलं काही लागत नाही, ते रात्रंदिवस एकटं कमावतं. नेवाडातले कॅसिनो जेवढं कमावतात त्यात पोकरचा वाटा शंभरात जेमतेम एक-दीड. म्हणून गेल्या काही वर्षांत कितीतरी पोकर रूम बंद झाल्या आणि त्यांच्या जागी मशीनं आली. ज्या उरल्या त्यांतल्या काही अशा अर्ध्या माणसांवर चालतात.

हे समजलं, तरी पटत नाही. यादी नीट ठेवायला जास्त माणसं लागत नाहीत. वेळ लिहायची, नियम भिंतीवर लावायचा आणि तो सगळ्यांना सारखा पाळायचा. डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला. किती वेळ लागेल ते माहीत नसलं, कारण कळलं नाही किंवा अन्याय होतोय असं वाटलं की तेवढाच वेळ जास्त लांबतो, असं तो सांगतो. परवा त्या दारात तिन्ही गोष्टी एकत्र होत्या.

तुझी
धाकटी

लास वेगस, २ जुलै

प्रिय दादा,

काल जुन्या शहरातल्या एका पोकर रूममध्ये खेळले. ती लहान आहे, गालिचा विटलेला, छत ठेंगणं. काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी नाव लिहिलं, पुढे वेळ लिहिली आणि तोंडाने सांगितलं, "तुमच्या वर नऊ जण आहेत. आठ वाजता एक डीलर येतोय, तेव्हा दुसरं टेबल उघडेन. तोवर जेवून या, फोनवर निरोप येईल." फोनवरून लावलेल्या नावांपुढे खूण होती आणि तासाभरात न आल्यास नाव जाईल असं वर लिहिलं होतं. कोणी खुर्चीवरून उठलं की डीलर तिथे वेळ लिहिलेलं कार्ड ठेवायचा. वाट मला इथेही बरीच पाहावी लागली. पण तो वेळ मी फ्रिमाँट स्ट्रीटवर फिरण्यात घालवला, दारात कान टवकारून उभं राहावं लागलं नाही. आठला पाच कमी असताना निरोप आला. टेबलावर हसतखेळत स्वागत झालं. थोडे पैसे हरले आणि मजेत परतले.

आज सकाळी त्या पहिल्या हॉटेलच्या व्यवस्थापकांना पत्र लिहिलं. त्यात काउंटरवरच्या माणसाची तक्रार केली नाही, उलट त्याच्या मदतीला आणखी एक माणूस द्या असं लिहिलं. नावापुढे वेळ दाखवा, फोनवाल्यांचा नियम दारावर लावा, पुकारा माइकवर करा, गैरहजर खेळाडूची खुर्ची ठरल्या वेळी मोकळी करा आणि चार खुर्च्या बाहेर ठेवा, एवढंच मागितलं. ओहायोच्या गृहस्थांची हकिगतही लिहिली. उत्तर येवो न येवो, ते कुणीतरी वाचलं पाहिजे.

तुम्हा गोवेकरांना मांडवीवरच्या कॅसिनोंत जायची बंदी आहे, त्यामुळे तुला हे सगळं लांबचं वाटेल. पण आमच्या महाराष्ट्रात कॅसिनो नाहीत. १९७६ चा कॅसिनोचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दही झाला. म्हणून पुण्या-मुंबईचे पत्तेवाले पणजीच गाठतात. दिवाळीत तुमच्याकडे येईन तेव्हा मीही बोटीवर जाईन आणि नाव देण्याआधी विचारेन: यादी कुठे लावली आहे, आणि माझ्या वर किती जण आहेत? सरळ उत्तर मिळालं तरच बसेन, नाहीतर तुझ्याकडे जेवायला लवकर येईन. पत्त्यांत हरणं मला मंजूर आहे, कारण तिथे नियम सगळ्यांना सारखा असतो. तो दारापासूनच सारखा असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
धाकटी