पोकळ नळी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या जुन्या दिवसांवर लिहावे, असेच प्रथम मनात आले. परंतु त्या दिवसांविषयी माझ्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहितीलच. मी लिहिणार आहे ते एका पोलादी नळीविषयी. ही नळी गेल्या जानेवारीपासून आपल्या विज्ञानकक्षातील कपाटावर ठेवलेली आहे. भेटीला येणारे माजी विद्यार्थी विचारतात, "सर, ही गाडीची नळी इथे कशाला?" मी सांगू लागतो आणि मध्येच तासाची घंटा होते. ते अर्धवट राहिलेले उत्तर आज पुरे करतो.

माझा भाचा आपल्याच वसतिगृहात राहून शिकला. आता तो पुण्यात एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने स्वतःच्या कमाईतून २०१८ सालची, टर्बो असलेली पेट्रोलची गाडी जुन्या बाजारातून घेतली. आमच्या दोन्ही घरांतली ही पहिली चारचाकी. मागच्या दिवाळीच्या सुटीत तो ती घेऊन नाशिकला आला. डिकीत एक लांबट खोके होते. म्हणाला, "मामा, नवा डाउनपाइप मागवलाय. गॅरेजवाल्याला कशाला पैसे द्यायचे? आपणच बसवू. मला फक्त एक जोडीदार हवा." इतिहास शिकवणाऱ्या माणसाला यंत्राच्या कामात जोडीदार म्हणून कोणी बोलावत नाही. मी आनंदाने बाह्या सरसावल्या.

डाउनपाइप म्हणजे काय, हे मला त्याने अंगणात बसवून समजावले. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हा टर्बोचार्जर. त्याची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. चक्र फिरवून झाल्यावर धूर ज्या पहिल्या नळीतून खाली उतरतो, ती डाउनपाइप. ही वाट जितकी मोकळी, तितका धुराचा उलटा दाब कमी, आणि तितके चक्र लवकर वेग घेते. मला माझे वडील आठवले. ते भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. वाफेच्या इंजिनातही काम करून झालेली वाफ धुराड्यातून सोडतात आणि तिच्याच ओढीने भट्टीचा जाळ फुलतो, हे त्यांनी मला लहानपणी सांगितले होते. टाकाऊ वाफेकडून काम करून घेण्याची ती युक्ती नव्या रूपात समोर पाहून मी हरखलो.

काम दोन दिवस चालले. गाडी पूर्ण थंड झाल्याखेरीज हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले. सकाळी बॅटरीची ऋण तार काढली, गाडी जॅकने उचलली आणि दोन्ही बाजूंना भक्कम स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग उष्णतारोधक पत्रा, दोन ऑक्सिजन सेन्सर, टर्बोकडचे नट आणि शेवटी मागच्या नळीचा जोड, असा क्रम होता. एक स्टड नटासकट बाहेर आला. तो तुटला नाही याचेच समाधान. प्रत्येक नट कोणत्या जागचा ते मी वहीत लिहून ठेवत होतो. भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही इथेही सनावळी करताय."

जुनी नळी बाहेर आली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा जड लागली. तिला मध्ये फुगीर पोट होते. मी ती सूर्याकडे धरून पाहिली. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. शेकडो छिद्रांतून उजेड येत होता. नव्या नळीतून पाहिले, तर थेट पलीकडचे पेरूचे झाड दिसले. "हिच्यात ते पोळे नाही?" मी विचारले. "नाही, तेच तर काढायचे असते," तो म्हणाला.

ते पोळे कशासाठी असते, याची मला अंधूक कल्पना होती. तरीही मी गप्प राहिलो. दोन दिवसांचे कष्ट, त्याचा उजळलेला चेहरा, पहिली चारचाकी. या आनंदावर पाणी कशाला ओतायचे, असे मनाला समजावले. या साऱ्या हकिगतीत चूक कोणाची, असे कोणी विचारले, तर तो क्षण माझा आहे. नळीत काय आहे आणि काय नाही, ते मी पाहिले होते.

आम्ही नवे गॅस्केट घातले, सगळे नट आधी हाताने लावले आणि मग टर्बोकडून मागे येत पान्याने आवळले. गाडी उघड्या अंगणात आणून सुरू केली. आवाज भारदस्त झाला होता. संध्याकाळी भाच्याने मला हमरस्त्यावर नेले. पाय जरा दाबताच गाडी उसळली आणि मी सीटला टेकलो. खोटे कशाला सांगू, मला ते आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुण्याला निघण्यासाठी गाडी सुरू केली. ओट्यावर माझी आई बसली होती. ऐंशी पार केलेली. तिने पदर नाकाला लावला आणि एवढेच म्हणाली, "काय रे हे, घसा धरला." भाचा घाईत होता, त्याने ऐकले नाही. मी ऐकले. वडील निवृत्त होऊन घरी आले तेव्हा भुसावळचा खोकला बरोबर घेऊन आले होते. तो शेवटपर्यंत राहिला. त्याचे कारण कोणी तपासले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. धुराजवळ काम करणाऱ्याला खोकला असायचाच, असे आम्ही धरून चाललो होतो.

त्या रात्री मी वाचायला बसलो. नळीतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे त्यावरून जाताना त्यांचे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि नायट्रोजन होते. युजीन हूड्री या फ्रान्समध्ये जन्मलेल्या अभियंत्याने १९५०च्या दशकात अमेरिकेत हे काम हाती घेतले. पण त्या काळच्या पेट्रोलमधील शिसे जाळीवर बसून तिला निकामी करी. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ही जाळी सक्तीची झाली आणि तिच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले. २००० साली देशभरातील पेट्रोलमधून शिसे गेले. म्हणजे त्या वीतभर पोळ्यामागे अर्ध्या शतकाचा इतिहास होता, आणि तो इतिहास शिकवणाऱ्याच्या अंगणात पान्याने उघडून बाजूला ठेवला गेला होता. कंपनीने दिलेल्या रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मनाई करते, हेही तेव्हाच कळले.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, इंजिनाचा दिवा लागलाय, पण तो संगणकात बदल करून बंद करता येतो. पीयूसीचे म्हणाल, तर नळीत सळई न घालताही चिठ्ठी मिळते. आणि रस्त्यावर एवढ्या गाड्या धूर ओकतात, माझ्या एकटीच्या गाडीने काय बिघडणार?" या शेवटच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर सापडले नाही. मी एवढेच म्हणालो, "परीक्षेत एकाने नक्कल केली तर काय बिघडते, असे तू मला वर्गात विचारले असतेस, तर मी काय म्हणालो असतो? नळी बसवताना मी हात लावला आहे. काढायची झाली, तर तेव्हाही लावीन." नंतर महिनाभर त्याचा फोन आला नाही. बहिणीकडून कळले की तो माझ्यावर रागावला आहे.

नाताळच्या सुटीत तो न कळवता आला. डिकीत जुनी नळी, नवी गॅस्केट आणि नवे नट होते. मी काही विचारले नाही. गाडीखाली पाठीवर पडल्या पडल्या तोच म्हणाला, "सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली की पहिल्या मजल्यावरच्या काकू उठून खिडकी लावून घेतात. बोलत काहीच नाहीत. रोज सकाळी ती खिडकी बंद होताना दिसते." मग बराच वेळ फक्त पान्याचा आवाज होता.

या वेळी काम एका दिवसात झाले. वहीतली माझी टिपणे उपयोगी पडली. इंजिनाचा दिवा पुढच्या काही दिवसांत विझला. पीयूसी केंद्रावर त्याने स्वतः आग्रह धरून सळई नळीत घालायला लावली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ०.३ टक्क्याच्या मर्यादेच्या बराच खाली आला. ती चिठ्ठी त्याने मला मोबाइलवर पाठवली, पूर्वी गुणपत्रिका दाखवायचा तशी. चंदनापुरी घाटात गाडी आता पहिल्यासारखी उसळत नाही, ही कुरकूर मात्र तो अजूनही करतो. मी ती ऐकून घेतो, कारण ती खरी आहे.

उरला प्रश्न काढलेल्या नळीचा. तिच्यासाठी त्याने जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार मोजला होता आणि विकली असती तर बरेचसे पैसे परत आले असते. एक गिऱ्हाईकही तयार होते. भाचा दोन दिवस विचार करत होता. शेवटी म्हणाला, "विकली तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी खिडकीखाली जाईल." म्हणून ती आपल्या विज्ञानकक्षात आली.

एका भंगारवाल्याकडून जाळीचा एक फुटका तुकडा मिळाला, तोही काचेच्या बरणीत तिच्या शेजारी ठेवला आहे. आठवीची मुले नळीतून एकमेकांकडे पाहतात, मग बरणीतली छिद्रे मोजू लागतात आणि थकतात. या वर्षी भेटीला याल तेव्हा आपणही एकदा त्या नळीतून पाहावे. पलीकडे शाळेची खिडकी दिसते आणि ती सहसा उघडी असते.