मोडेम किती घ्यायचे?

डायलअपचा तो "टूंऽऽ किर्रर्र खर्रर्र" आवाज आमच्या वयाच्या बऱ्याच जणांनी यूट्यूबवरच ऐकला असेल. तो आवाज म्हणजे दोन मोडेमची बोलणी. लाइन कशी आहे, किती वेगाने बोलायचं, वगैरे. घरातला मोडेम सगळ्यांना ठाऊक असतो. पण फोनच्या पलीकडच्या टोकाला, प्रोव्हायडरकडे जो मोडेम बसलेला असे, त्याचं काय? खरी डोकेदुखी तिकडे होती.

व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा डायलअपचा वेग होता ९.६ केबीपीएस. आणि लगेच बोंबाबोंब! फोन लागेना, लागलाच तर मध्येच तुटे. आपलं चुकलं, हे तेव्हाचे प्रमुख बी. के. सिंघल यांनी जाहीरपणे मान्य केलं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये हे क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं. 'क' वर्गाचं लायसन्स तर एका छोट्या टेलिफोन विभागापुरतंही मिळे. आता समजा, १९९९ साली पनवेलमध्ये कुणीतरी हा धंदा मांडायचं ठरवलं. ग्राहक धरू ३००.

पहिला प्रश्न, मोडेम किती? सगळे एकदम येत नाहीत, म्हणून दहा ग्राहकांमागे एक, असा ढोबळ हिशोब. म्हणजे ३०. रात्री एकतिसावा आला की त्याला एंगेज टोन.

दुसरा प्रश्न, कोणते? स्वस्तातला मार्ग म्हणजे ३० साधे मोडेम, ३० फोन लाइन आणि ते सगळे जोडायला लिव्हिंगस्टनच्या पोर्टमास्टरसारखा टर्मिनल सर्व्हर. शिवाय ३० अडॅप्टर, वायरींचं जंजाळ, आणि कुठला मोडेम हँग झालाय ते बघायला एक माणूस. महागडा मार्ग म्हणजे असेंड मॅक्स किंवा सिस्को एएस ५३०० सारखं एकच खोकं. त्यात एक्स्चेंजची डिजिटल ई-वन लाइन थेट लावायची. एका लाइनमध्ये ३० कॉल.

फरक फक्त वायरींचा नाही हं. ५६के मोडेम ५६के म्हणून चालायला प्रोव्हायडरचं टोक डिजिटल लागतं. दोन्ही टोकं अ‍ॅनालॉग असली तर गाडी ३३.६ च्या पुढे जातच नाही. ग्राहकाने दुकानातून कितीही भारी मोडेम आणू दे! त्यात १९९७ मध्ये एक्सटू आणि के५६फ्लेक्स अशी दोन भांडणारी तंत्रं होती. १९९८ मध्ये व्ही.९० आलं तेव्हा कुठे तो वाद मिटला.

म्हणजे मोडेम निवडण्याआधी एक्स्चेंजमध्ये जाऊन विचारायचं, "ई-वन मिळेल का?" उत्तर "नाही" असेल तर महागडं खोकं घेऊन उपयोग शून्य.

आणि तिसरा प्रश्न, जो कॅटलॉगमध्ये नसतो. पुढची लाइन केवढी? ३० जण आत घेतले आणि बाहेर जायला ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन असली, तर सगळे एकदम डाउनलोड करायला लागल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २ केबीपीएस. मोडेम मात्र ३३.६ ला जोडलेला दाखवणार.

आज घरी फायबर आहे, मोडेमचा किर्र आवाज नाही. पण रात्री नऊला सिनेमा अडकला की स्पीड टेस्टच्या आधी एक प्रश्न विचारून बघा. ही लाइन आपण किती जण वाटून घेतोय?