बत्तीस मिनिटें

नवी वस्तु घरीं आणली म्हणजे तिची किंमत देऊन आपण मोकळे होतों. जुनी वस्तु आणली म्हणजे तिच्या मागल्या आयुष्याचे थोडेबहुत वारसहि होतों. स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर घेण्याचें मीं ठरविलें, तेव्हां आईचा आवाज मुद्रित करून ठेवावा, एवढाच माझा हेतु होता. आईला शहाऐंशीवें वर्ष लागलें आहे. तिचा स्वर अजून सच्चा आहे. दम मात्र दिवसेंदिवस उणा होत चालला आहे.

“अहो, पण हें काम तुमच्या खिशांतला मोबाइल फुकट करतो!” पत्नी म्हणाली.

तिचें म्हणणें अगदीं खरें होतें. मोबाइलमध्यें आईचीं गाणीं कितीतरी आहेत. परंतु तीं कोणी ऐकत नाहीं. जें हवें तितकें सांठवितां येतें, त्यांतून निवड करावी लागत नाहीं. आणि जें कधीं निवडलेंच नाहीं, त्याकडे मन पुन्हां ओढ घेत नाहीं.

पोलादी तारेवर आवाज उमटविण्याची युक्ति डेन्मार्कच्या वाल्देमार पौलसेननें १८९८ सालीं काढली. १९२८ मध्यें जर्मनींत फ्रिट्झ फ्लॉयमरनें कागदाच्या पट्टीवर लोहाची भुकटी बसविली, आणि १९३५ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत फितीचें यंत्र लोकांपुढें आलें. गाण्याच्या वेड्यांवर या फितीचे केवढे उपकार आहेत! ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपे; राग डोळे उघडतो न उघडतो तोंच सुई कडेला लागे. फितीवर मात्र अर्धा-अर्धा तास अखंड गाणें मावूं लागलें. कुणाच्या दिवाणखान्यांत झालेल्या कितीतरी बैठकी आज कानीं पडतात, त्या अशा घरगुती यंत्रांच्या पुण्याईनें.

असें यंत्र घेतांना बैल घेणाऱ्या शेतकऱ्याची नजर लागते. फितीच्या घर्षणानें हेडवर खांच पडली आहे काय, फीत दाबून धरणारें रबरी चाक नखाला दगडासारखें लागतें काय, आंतला पट्टा सैल झाला आहे काय, हें सारें पाहावें लागतें. जुन्या बाजारांतल्या एका विक्रेत्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें, “साहेब, खास अमेरिकेचा माल आहे!” मला भीति होती ती त्याचीच. तिकडली वीज ६० सायकलची, आपली ५० ची. विजेच्या सायकलवर ज्याच्या मोटरची गति अवलंबून असते, असें तिकडलें यंत्र येथें एक षष्ठांश मंद चालतें, आणि काळी चारमधलें गाणें पांढरी चारमध्यें उतरतें. अखेर ५० सायकलचें एक यंत्र मिळालें. दिलेली किंमत आणि पत्नीला सांगितलेली किंमत यांत फारसें अंतर नाहीं, एवढेंच येथें नमूद करतों.

यंत्राबरोबर एक भरलेलें स्पूल आलें. तें लावून पाहिलें, तों एक लहान मुलगा पाढे म्हणत होता. पावकी, निमकी धडाक्यानें झाली. औटकीशीं तो अडखळला, आणि कोणी वृद्ध गृहस्थ हलकेच हंसले. पाठीमागें भांड्यांचा आवाज होता. तो मुलगा आज असलाच तर स्वतः आजोबा असेल.

अशा यंत्रांत फितीच्या वाटेवर तीन हेडें असतात: पहिलें पुसतें, दुसरें लिहितें, तिसरें वाचतें. शाळेंतल्या पाटीचाच हा न्याय. आधीं पुसावें, मग लिहावें. हातांत फीत तेवढी एकच होती. आईला मीं तसें सांगितलें. ती म्हणाली, “त्या लेकराला पुसून मी गाऊं होय? दुसरी आण.” फ्रान्समध्यें आणि अमेरिकेंत अशी नवी फीत आजहि तयार होते. महाग पडली, पण आणली.

बाराशें फुटांचें स्पूल सेकंदाला साडेसात इंच या गतीनें बत्तीस मिनिटें चालतें. हें कळल्यावर आईनें दिनदर्शिकेच्या जुन्या पानाच्या पाठीवर यादी करावयास घेतली. चार दिवस ती लिहीत होती आणि खोडीत होती. जिच्यासाठीं तिला शाळेंत बक्षीस मिळालें, ती कविता गेली. आम्हां मुलांना ठाऊक असलेलीं बहुतेक गाणीं गेलीं. राहिल्या त्या माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, ज्या मीं जन्मांत ऐकल्या नव्हत्या. “तुम्हांला येतात तीं गाणीं तुमच्यापाशीं आहेतच,” ती म्हणाली, “ह्या माझ्याबरोबर जातील.” अखेरचीं दोन मिनिटें तिनें आपली आई, आजी आणि पणजी यांचीं माहेरचीं नांवें सांगण्यांत घालविलीं. त्या नांवांची नोंद आमच्या घरांत दुसरी कोठेंहि नाहीं.

मोबाइलनें तिला कधींच विचारलें नसतें कीं, यांतलें काय ठेवूं? त्या पेटाऱ्याएवढ्या यंत्रानें तें विचारलें, आणि माझ्या आईनें उत्तर दिलें. तीं दोन्ही स्पुलें आतां कपाटांत शेजारीं शेजारीं उभीं आहेत. औटकी चुकणाऱ्या त्या मुलाचें कोणी कधीं शोधीत आलें, तर त्याचें तें त्याला मिळेल. तोंवर तो आमच्या घरचाच.