कित्ता नसलेली पाटी

1935 सालची एक रात्र. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, डार्टिंग्टन हॉलमध्ये, मार्क टोबी हा अमेरिकन चित्रकार आपल्या खोलीत एका लहानशा चित्रावर वाकून बसला आहे. बाहेरच्या कुरणात घोडे आहेत, आणि रात्र इतकी निवांत की त्यांचे श्वास आत ऐकू येतात. गडद पृष्ठभागावर तो पांढऱ्या रेघा ओढतो आहे. रेघ वळते, अडते, दुसरीत गुंतते, तिच्यातून तिसरी फुटते. आणि खेड्यातल्या त्या शांततेत त्याच्या हाताखाली उमटतो तो न्यूयॉर्कचा ब्रॉडवे. दिव्यांचा, गर्दीचा, गलबल्याचा.

काळ्यावर पांढरं म्हटलं की मला माझी पाटी आठवते. बाई पाटीच्या माथ्यावर एक अक्षर काढून देत आणि खाली आम्ही ते गिरवत असू. कित्ता जितका हुबेहूब उतरेल तितकी शाबासकी मोठी. टोबीची चित्रं पाहताना ती पाटी डोळ्यांपुढे येते, पण तिच्यावर वरची ओळ कुणी काढून दिलेली नसते. त्या कोऱ्या माथ्याचं मला फार अप्रूप आहे.

टोबीला स्वतःलाही कुणी फारसा कित्ता दिला नव्हता. 1890 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सेंटरव्हिल या लहान गावी त्याचा जन्म झाला. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधले थोडेसे वर्ग सोडले, तर चित्रकला तो आपली आपणच शिकला. फॅशनची चित्रं काढायची, कोळशाने व्यक्तिचित्रं करायची, पोट भरायचं. 1918 मध्ये न्यूयॉर्कला ज्युलिएट थॉम्पसन या चित्रकर्तीची ओळख झाली. ती बहाई होती. तिच्यामुळे तो मेन राज्यातल्या ग्रीन एकर या बहाई केंद्रात गेला आणि त्याच वर्षी त्याने तो धर्म स्वीकारला. तेव्हा तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे मरेपर्यंत तो बहाई राहिला.

आपल्याकडे बहाई म्हटलं की दिल्लीचं कमळमंदिर आठवतं, फार तर पाचगणीची शाळा. एकोणिसाव्या शतकात इराणच्या बहाउल्लांनी सांगितलेल्या या धर्मात पुरोहित नाही. सारी मानवजात एक आहे, सगळ्या धर्मांचा उगम एक आहे आणि सेवाभावाने केलेलं काम ही उपासनाच आहे, असं तो मानतो. पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त भिडते. सत्य प्रत्येकाने स्वतः शोधायचं. बाप मानत होता म्हणून मुलाने मानायचं, असं नाही. म्हणजे श्रद्धेच्या पाटीवरही कित्ता नाही! असा धर्म मनापासून जगणारा माणूस मास्तर झाला, तर तो कसा शिकवील?

आधी तो स्वतः शिकेल. 1922 मध्ये टोबी सिअ‍ॅटलला आला आणि कॉर्निश स्कूलमध्ये कला शिकवू लागला. त्या शहरात त्याची गाठ पडली तंग क्वेई या चिनी विद्यार्थ्याशी. वयाने लहान, शिकायला परदेशी आलेला. या विद्यार्थ्यापुढे मास्तर शिष्य होऊन बसला आणि कुंचला धरायला शिकला. पाश्चात्त्य चित्रकाराला रेघ म्हणजे वस्तूची कड, तिचं कुंपण. चिनी कुंचल्याची रेघ कुंपण घालत नाही. ती चालते, श्वास घेते, कुठे दाटते, कुठे विरते. 1934 मध्ये टोबी शांघायला तंग क्वेईच्या घरी गेला आणि तिथून जपानला. क्योटोच्या झेन मठात तो महिनाभर राहिला. तिथे त्याच्यापुढे ध्यानासाठी कुंचल्याने काढलेलं एक मोकळं वर्तुळ ठेवलं होतं. रोज त्याच्याकडे पाहत बसायचं. पुढच्याच वर्षी डेव्हनमध्ये ती घोड्यांच्या श्वासांची रात्र आली.

त्या शैलीला ‘पांढरं लेखन’ असं नाव पडलं. लेखन खरं, पण वाचता येईल असं एकही अक्षर त्यात नाही. या चित्रांत मधोमध कुणी बसलेलं नसतं. कोपऱ्यातल्या रेघेला जेवढा मान, तेवढाच मधल्या रेघेला. नजरेला एका जागी टेकता येत नाही, तिला सगळीकडे हिंडावं लागतं. मानवजात एक आहे हे सांगायला टोबीला हातात हात घातलेली नाना देशांची माणसं रंगवत बसण्याची गरज नव्हती. त्याने चित्रातला सिंहासनाचा मान काढून घेतला आणि तो रेघारेघांत वाटून दिला. श्रद्धा चित्राच्या विषयात न राहता मांडणीत मुरली, मीठ पाण्यात मुरावं तशी.

आता त्याचं शिकवणं. डार्टिंग्टन हॉल ही शिक्षणसंस्था उभी करणाऱ्या जोडप्यातले लेनर्ड एल्महर्स्ट आधी रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतनात काम करून आलेले. त्यामुळे इथल्या शिक्षणात बीरभूमच्या मातीचाही अंश होता. टोबी 1931 पासून 1938 पर्यंत तिथे होता. त्याच्या वर्गात माळी, स्वयंपाकी, शिक्षक, कुणीही यावं. तो त्यांना कागद भिंतीवर लावायला सांगे, खडू हाती देई आणि आधी नाचायला लावी. अंग मोकळं झालं की तेच नाचणं खडूतून कागदावर येऊ द्यायचं. रेघ बोटांतून निघत नाही, खांद्यातून निघते, पायांतून निघते. लाजणाऱ्या मोठ्या माणसांना ही गोष्ट तोंडाने सांगून पटली नसती. बर्नर्ड लीच हा थोर कुंभार तिथलाच त्याचा मित्र. पूर्वेच्या त्या प्रवासात तो बरोबर होता, आणि टोबीच्या सहवासातूनच 1940 मध्ये तोही बहाई झाला.

पुढे मान मिळाले. 1958 च्या व्हेनिस बिएनालेत चित्रकलेचा पुरस्कार मिळाला; व्हिसलरनंतर तो मिळवणारा टोबी पहिला अमेरिकन चित्रकार. 1960 मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझलला राहायला गेला आणि 1976 मध्ये तिथेच वारला. सिअ‍ॅटलचा पाइक प्लेस बाजार पाडायचे बेत चालले, तेव्हा त्याने पूर्वी काढलेली तिथल्या भाजीवाल्यांची, हमालांची, रेंगाळणाऱ्या म्हाताऱ्यांची चित्रं बाजाराच्या बाजूने उभी राहिली. तो बाजार आजही भरतो.

पण मास्तराचं मोठेपण मला त्याच्या शिष्यांत दिसतं. संगीतकार जॉन केज तरुणपणी कॉर्निश स्कूलमध्ये कामाला होता. एकदा टोबीबरोबर तो जेवायला पायी निघाला. वाट थोडीशीच, पण काही तास लागले, कारण टोबी पावलापावलाला थांबून काही ना काही दाखवत होता. भिंतीवरचा डाग, जमिनीवरची भेग. नंतर एकदा केज न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पांढऱ्या रेघांचं प्रदर्शन पाहून बाहेर पडला आणि बसची वाट पाहत उभा राहिला. सहज खाली नजर गेली, तर पायाखालची फरसबंदी! आत जे पाहिलं तेच इथेही आहे, असं त्याला जाणवलं. चित्रकाराला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती? शिष्याने गुरूचं चित्र गिरवलं नाही. गुरूचे डोळे घेतले आणि स्वतःच्या रस्त्याकडे पाहिलं.

आम्ही कित्ता गिरवून झाला की ओल्या फडक्याने पाटी पुसत असू. ती कधीच पुरती काळी होत नसे. अ, आ, इ अशी कितीतरी अक्षरं एकमेकांत मिसळून पांढुरक्या रेघांचं एक जाळं मागे राही, कुणाचंच नसलेलं आणि सगळ्यांचं. बाई म्हणायच्या, नीट पूस. मी पुन्हा फडकं फिरवायची. त्या जाळ्याकडे पाहायचं असतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.