न उच्चारलेले वाक्य

काशीत दरभंगा घाट आणि अहिल्याबाई घाट यांच्यामध्ये मुन्शी घाट आहे. नागपूर संस्थानचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधला, म्हणून त्याला हे नाव. विदर्भातील एका खेड्यात सारी हयात शिकवण्यात घालवलेले एक गुरुजी आईच्या श्राद्धासाठी काशीला आले, आणि आपली पाळी येईपर्यंत या घाटाच्या पायऱ्यांवर बसून राहिले. वयाची पंच्याहत्तरी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. समोर एक यजमान हातात पाणी घेऊन संकल्प करीत होता. उपाध्याय देश आणि काळ यांचा उच्चार करीत होते, आणि यजमान त्यांच्यामागून तो करीत होता.

एकाने सांगावे आणि इतरांनी मागून म्हणावे, ही रीत गुरुजींच्या अंगवळणी पडलेली. वर्षानुवर्षे शाळेच्या पटांगणात त्यांनी राष्ट्रीय प्रतिज्ञा अशीच म्हणवून घेतली होती. तिच्यातील बरीचशी सकाळ त्यांना आठवत नाही. एक मात्र विसरता येत नाही. दुष्काळाचे १९७२ साल होते. पाचवीतील एक मुलगा सारी प्रतिज्ञा म्हणे, परंतु सर्व भारतीयांना बांधव म्हणणारे वाक्य आले की ओठ मिटून घेई. गुरुजींना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी त्याला प्रतिज्ञा पन्नास वेळा लिहून आणण्याची शिक्षा केली. मुलाने ती निमूटपणे लिहिली. त्या वाक्याची ओळ मात्र प्रत्येक वेळी कोरी सोडली. कारण विचारता तो खाली मान घालून म्हणाला, “आमाले गावच्या विहिरीवर चढू देत नाही, गुरुजी. मंग भाऊ कसे?”

त्याच विहिरीचे पाणी गुरुजींच्या घरी येत होते. त्यांनी वही मिटून परत दिली आणि वर्ग पुढे चालू केला.

ही प्रतिज्ञा कोणा सेनापतीने वा मंत्र्याने लिहिलेली नाही. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव हे तेलुगू लेखक विशाखापट्टणम येथे जिल्हा कोषागार अधिकारी होते. १९६२ मध्ये त्यांनी ती तेलुगूत लिहिली. भाषावार प्रांतरचनेचे वाद ताजे होते, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. देश एक राहावा ही चिंता तेव्हा घरोघरी होती. १९६४ मध्ये बंगळूर येथे म. क. छागला यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बैठकीत ती देशभरच्या शाळांसाठी स्वीकारण्यात आली, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती म्हटली जाऊ लागली. पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर ती छापली गेली. कर्त्याचे नाव मात्र बहुधा नसे. १९८८ मध्ये सुब्बाराव वारले.

अमेरिकेत फ्रान्सिस बेलामी यांनी १८९२ मध्ये लिहिलेली प्रतिज्ञा ध्वजाला उद्देशून आहे. ती म्हणण्याची सक्ती मुलांवर करता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना दिला. आपल्याकडे केरळातील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले होते; १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मौन म्हणजे द्रोह नव्हे, हे दोन्ही देशांत न्यायालयांना सांगावे लागले.

त्या निकालांतील मुलांची श्रद्धा त्यांना बोलू देत नव्हती. विदर्भातल्या मुलाची अडचण निराळी होती. त्या वाक्यावर त्याचा विश्वास होता, म्हणूनच ते खोटे म्हणणे त्याला जमेना. बाकीचा वर्ग ते खड्या आवाजात म्हणे, आणि गुरुजीही म्हणत.

राजाच्या पदरी असलेल्या माणसाची निष्ठा धन्याशी असे. खाल्ल्या मिठाला जागणे हाच तिचा अर्थ. नागपूरचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले, तेव्हा ज्याच्याशी निष्ठा राखायची तो धनीच उरला नाही. सुब्बारावांच्या प्रतिज्ञेत धनी नाही, ध्वज नाही, शत्रूही नाही. देश आणि देशबांधव या दोहोंशी निष्ठा राखण्याचे वचन तिच्यात आहे, आणि त्यांच्या सुखात आपले सुख मानण्याचे. असे वचन दुबळ्याच्या निष्ठेची परीक्षा घेण्यासाठी नसते. ज्याच्या हाती विहीर आहे, त्याला ते बांधून घेते. गुरुजींना हे उमगले तेव्हा गावात नळ आले होते, विहीर ओस पडली होती आणि तो मुलगा गाव सोडून गेला होता. त्याच्या प्रश्नाला उत्तर देण्याची वेळ गावावर कधी आलीच नाही.

उपाध्यायांनी हाक मारली. गुरुजी पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. देश सांगून झाला, काळ सांगून झाला. गुरुजी मागून म्हणत गेले. मग उपाध्याय थांबले. पुढचा शब्द यजमानाने स्वतः म्हणायचा असतो. क्षणभर घाटावर काहीच ऐकू आले नाही. मग गुरुजींनी आपले नाव घेतले आणि हातातले पाणी सोडले.