खडे मीठ, साखर आणि गारीगार

माळशिरस तालुक्यात वळवाच्या पावसातील गारा सोडल्या, तर पाणी आपणहून गोठलेले दिसत नाही. येथील बर्फ लादीच्या रूपाने कारखान्यातून येतो, पोत्यात आणि लाकडाच्या भुश्शात जपला जातो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार असताना लग्नघरच्या आईस्क्रीमच्या पॉटमध्ये, म्हणजे लाकडी बादली व आतला फिरता डबा यांच्यामधल्या जागेत, फोडून भरला जातो. त्यावर खडे मीठ पसरावयाचे, हे दांडा फिरविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. पण मीठ पडताच बर्फ भराभर वितळू लागतो आणि वितळता वितळताच शून्याखाली गार होत जातो, हे विचार करू गेल्यास चक्रावून टाकणारे आहे.

बर्फ आणि पाणी शून्य अंश सेल्सिअसला एकत्र असताना बर्फावरून जितके रेणू सुटतात तितकेच पाण्यातून येऊन त्यास चिकटतात. पाण्यात मीठ विरघळले की त्याचे कण काही जागा अडवितात, त्यामुळे चिकटणारे रेणू घटतात, सुटणारे मात्र तितकेच राहतात. तोल पुन्हा साधण्यास तापमान उतरावे लागते, आणि यालाच गोठणबिंदूची घट म्हणतात. दर ग्रॅम बर्फ वितळण्यास लागणारी सुमारे ८० कॅलरी उष्णता खुद्द बर्फाच्या चुऱ्यातून आणि डब्यातील दुधातून ओढली जाते, म्हणून दूध गोठते. वजनाने मीठ सुमारे २३ टक्के झाले की हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. त्यापुढचे मीठ वाया जाते.

विरघळलेला पदार्थ खारट आहे की गोड, याच्याशी पाण्याला कर्तव्य नसते. परिणाम ठरतो तो मुख्यतः कणांच्या संख्येवर. एक किलो पाण्यात ५८ ग्रॅम मीठ विरघळल्यास त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात आणि गोठणबिंदू सुमारे साडेतीन अंशांनी उतरतो. साखरेचा अवजड रेणू मात्र अखंड राहतो, त्यामुळे तिची ३४२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहापट, भर घालूनही घट जेमतेम दोन अंशांची होते. ज्या तालुक्यात माळीनगरची सासवड माळी शुगर फॅक्टरी १९३२ सालापासून आहे, तेथे मिठापुढे साखरेने असे हरावे, ही गंमतच. गुळात मात्र काही साखर आधीच ग्लुकोज व फ्रुक्टोज या लहान रेणूंत फुटलेली असते, म्हणून तेवढ्याच गोडीची गुळाची कुल्फी अधिक मऊ राहते.

गारीगार चोखणाऱ्या मुलाच्या हाती थोड्या वेळाने पांढरा, बेचव बर्फ उरतो, तोही याच कारणाने: रंगीत गोड पाणी गोठताना स्फटिक बांधले जातात ते निव्वळ पाण्याचे, साखर व रंग त्यांच्या फटींत ढकलले जातात, आणि तो पाक जितका दाट होतो तितका त्याचा गोठणबिंदू खाली जात असल्याने त्याचा काही भाग साध्या फ्रीझरमध्ये गोठतच नाही. पहिल्या चोखण्यात तोंडात येतो तो हाच पाक.